छातीतली जळजळ: आम्ल जास्त नसतं, चुकीच्या जागी असतं

सावजी रस्सा भुरकून झाला, वर दोन संत्री सोलली आणि तासाभरात छातीच्या मधोमध आग सुरू झाली की आपण म्हणतो, 'पित्त झालं'. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि लहान आतड्यात उतरतं. इथे जाळत असतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. रिकाम्या पोटी त्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १.५ ते २ च्या आसपास असतो. चिकट श्लेष्म्याच्या थरामुळे जठराला ते सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. म्हणून आम्ल नेहमीइतकंच असलं तरी वर चढलं की जाळतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास गिळताना ती उघडते, मग मिटते. तर्रीवरचं तेल, वडाभातावर ओतलेली फोडणी असं स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोचलं की तिथून संप्रेरकं सुटतात. ती जठर रिकामं व्हायला उशीर लावतात आणि ही कडीही ढिली करतात. अशा तट्ट पोटाने आडवं झालात की आम्ल वर येणारच. तिखटाची गोष्ट वेगळी. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतं, त्यामुळे आम्ल न वाढताही आग होते.

घरातला पहिला उपाय खाण्याचा सोडा. अर्धा छोटा चमचा सोडा १२० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग घोट घोट प्या. आम्लाशी गाठ पडताच त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. येणारी ढेकर त्या वायूची असते, अन्न पचल्याची नव्हे. पोट तुडुंब असताना सोडा घेऊच नका. वायूने जठर आणखी ताणलं जातं, क्वचित फाटल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय एवढ्या सोड्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. थंड दूध थोडा वेळ निववतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल स्रवायला लावतात.

औषधाची वेळ मात्र बहुतेकांची चुकते. पातळ अँटासिड रिकाम्या पोटी घेतलं तर जेमतेम अर्धा तास टिकतं. जेवणानंतर तासाभराने घेतलं तर अन्नाबरोबर रेंगाळतं आणि तीन तासांपर्यंत काम देतं. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमने शौचाला घट्ट होते, मॅग्नेशियमने पातळ, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. पँटोप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीचं उलट आहे. ती जठरातले आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप चालू असतानाच त्यांना कुलूप लावतं, आणि पंप चालू होतात जेवणाने. त्यामुळे गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं हवी; जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी त्या वेळी उपयोगाची नाही.

रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत तीन तास ठेवा. डाव्या कुशीवर झोपलं की जठराचा फुगीर भाग कडीच्या खाली राहतो. दोन उशा घेऊ नका, त्याने कंबर वाकून पोट दाबलं जातं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली १५ सेंटिमीटर उंचीचे ठोकळे लावा.

डांबरासारखी काळी शौचास होणं, घास अडकणं, विनाकारण वजन घटणं यांसाठी डॉक्टरकडेच जायचं. आणि छातीतल्या दुखण्याबरोबर घाम फुटला, दम लागला, कळ हात किंवा जबड्याकडे गेली, तर सोडा शोधत बसू नका. लगेच दवाखाना गाठून ईसीजी काढा.