मुरलेली झिनफँडेल आणि उतरलेली झिनफँडेल

झिनफँडेल या द्राक्षाची आठ-दहा वर्षांची लाल वाइन ग्लासात ओतली की नाकाला पहिल्यांदा बेदाण्याचा वास लागतो. तासगावच्या शेडमध्ये वावरलेल्या माणसाला तो क्षणात ओळखू येतो, आणि फसगतही तिथंच होते. हा वास वाइन मुरल्यानं, म्हणजे वयानं नीट पक्व झाल्यानं येतो, उन्हाळ्यात बाटली तापून वाइन उतरल्यानं, म्हणजे बिघडल्यानंही येतो आणि मुळात द्राक्षातूनही येतो.

द्राक्षाचं आधी सांगायला हवं. झिनफँडेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले आणि काही वेलीवरच सुकून बेदाणा झालेले असतात. सगळे पिकेपर्यंत थांबलं की साखर चढते, म्हणून अल्कोहोल सहज १५ टक्क्यांवर जातं. त्यामुळे कोवळ्या बाटलीतही बेदाण्याची झाक असू शकते. नुसत्या वासावरून वय किंवा बिघाड ठरवू नये.

बूच काढण्याआधी बाटली उजेडात धरा. दहा वर्षांत पातळी गळ्याच्या तळाशी आली तर ते वयाचं. खांद्याच्या खाली गेली असेल, बूच तोंडातून वर सरकलं असेल किंवा झाकणाखाली चिकट ओघळ सुकला असेल, तर बाटली तापली असण्याची शक्यता मोठी. तापल्यावर वाइन फुगते, बुचाला ढकलते, थंड झाल्यावर आकसते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते.

चाखायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. गाळ हा दोष नाही. रंग आणि तुरटपणा एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात. जुनं बूच ठिसूळ असतं, मळसूत्री खिळा मधोमध घालून सावकाश ओढा. वाइन १६ ते १८ अंशांवर हवी. सांगलीच्या उन्हाळ्यात खोलीतल्या तापमानाला प्यायली तर अल्कोहोलच नाकात शिरतं आणि चांगल्या बाटलीवरही अन्याय होतो.

आता ५० मिलिलिटर ओता आणि ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. काठ वीटकरी आणि मधला भाग अजून लाल असेल, तर वय नीट चाललंय. झिनफँडेलची साल पातळ असते, त्यामुळे काठ लवकर फिकटला तरी घाबरायचं कारण नाही. चार-पाच वर्षांच्या बाटलीत मात्र मधोमध तपकिरी रंग दिसला तर तिला जपून चाखा.

खरा फरक जिभेवर कळतो. मुरलेल्या वाइनमध्ये सुकं अंजीर, तंबाखू, चामडं यांच्यामागे तांबड्या-काळ्या फळाचा ओलावा उरलेला असतो. आंबटपणा जागा असतो, तुरटपणा मऊ झालेला असतो, आणि घोट गिळल्यावर चव रेंगाळते. उतरलेलीत फळ शिजलेलं लागतं, फोडी करपलेल्या मोरंब्यासारखं, आणि चव लगेच तुटते. डागाळून तपकिरी पडलेल्या सफरचंदासारखा वास आला तर आत हवा शिरली आहे. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर जाणवलं तर तो जंतूंचा उद्योग. ओल्या पुठ्ठ्याचा वास हा वेगळाच दोष, तो बुचाकडून येतो आणि हवेनं जात नाही.

एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही: वयानं फळ विरतं, अल्कोहोल कमी होत नाही. म्हणून कालची भरदार झिनफँडेल म्हातारपणी घशाला जाळते. बहुतेक बाटल्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच प्यायच्या. जुन्या वेलींच्या, आंबटपणा टिकवलेल्या मोजक्याच पुढं तग धरतात.

शंका राहिली तर तोच ग्लास पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या. मुरलेली थोडी उमलते, मग तास-दोन तासांत ओसरू लागते. म्हणून तिला आधीच तासन्‌तास भांड्यात ओतून ठेवू नये. तापलेली आधी होती तशीच सपाट राहते. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा स्लॅबखालच्या कपाटात ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यातही अशी होऊ शकते. १२ ते १४ अंशांची सोय नसेल, तर जुनी बाटली पुढच्या मार्चच्या आत उघडलेली बरी.