धारणाबदल

नवी माहिती हाती आल्यावर माणूस आपली आधीची समजूत किती सोडतो आणि किती धरून ठेवतो, या प्रक्रियेला धारणाबदल म्हणतात. मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि तर्कशास्त्र या तिन्ही शाखांत तिचा अभ्यास होतो.

पुरावा पाहून मत नेमके किती बदलावे, याच्या गणिताचा पाया अठराव्या शतकातील इंग्लिश गणिती टॉमस बेझ यांच्या निबंधात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी प्रसिद्धीस आणला. माणसे या गणिताप्रमाणे चालतात का, हे १९६०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ वॉर्ड एडवर्ड्स यांनी चकत्यांच्या पिशव्या वापरून तपासले. एका पिशवीत ७०० लाल व ३०० निळ्या चकत्या, दुसरीत याच्या उलट. यांतली एक पिशवी न सांगता निवडायची. तिच्यातून चकती काढायची, रंग पाहून परत टाकायची. बारा वेळांत आठ लाल, चार निळ्या आल्या, तर पिशवी लाल बहुसंख्येची असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक ७० ते ८० टक्के म्हणतात. खरे उत्तर ९७ टक्के आहे. प्रत्येक लाल चकतीने पारडे ७/३ पट झुकते, निळीने तितकेच मागे येते. चार लाल जास्त उरतात आणि ७/३ चार वेळा गुणले की सुमारे ३० येतात, म्हणजे तीसास एक, ३१ पैकी ३०, सुमारे ९७ टक्के. लोकांचे मत योग्य दिशेनेच सरकते, फक्त फार थोडे सरकते. उलट घाईही दिसते: ठसठशीत वर्णन ऐकले की मूळ प्रमाणाचा, म्हणजे अशी गोष्ट मुळात किती वेळा आढळते याचा, विसर पडतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान व एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवले.

चूक दाखवली की माणूस अधिकच हट्टाला पेटतो, हा समज २०१० नंतर फार पसरला. तो मागे घ्यायला हवा. टॉमस वुड व एथन पोर्टर यांनी ५२ विषयांवर, दहा हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात तसे जवळजवळ कुठेच आढळले नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. हॉलिन जॉन्सन व कॉलीन सायफर्ट यांनी १९९४ च्या प्रयोगात लोकांना गोदामाच्या आगीचे वृत्त टप्प्याटप्प्याने वाचायला दिले. आधी कळते, की कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. पुढे खुलासा येतो, की कपाट रिकामेच होते. हा खुलासा लोकांच्या ध्यानात राहतो, आणि तरीही दाट धूर कशाने झाला असे विचारले की अनेकजण रंगाकडेच बोट दाखवतात. रंगाच्या जागी दुसरे कारण दिले, म्हणजे आग मुद्दाम लावल्याची खूण सापडली असे सांगितले, तेव्हा मात्र रंगाचा उल्लेख बराच घटला.