बाजारपेठेतील प्रभाग

मराठवाड्यातील नगरपरिषदेच्या गावांत जुनी पेठ आणि तिला लागून असलेल्या गल्ल्या-मोहल्ले मिळून होणारा निवडणुकीचा विभाग. सेलू, मानवत, परतूर, वसमत, उदगीर यांसारख्या व्यापारी गावांत सराफा, कापड दुकाने, किराण्याचे ठोक व्यापारी आणि भाजीची गुजरी बहुधा याच पट्ट्यात असते.

प्रभाग आखले जातात ते राहत्या लोकसंख्येवर. अलीकडची रचना 2011 च्या जनगणनेवर झाली. प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के मागेपुढे चालते. आखणी आणि क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपतात, त्यामुळे पेठेच्या वाट्याला सहसा मधला क्रमांक येतो. हद्द रस्त्याने किंवा नाल्याने सांगितलेली असते. अरुंद रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका प्रभागात आणि समोरची दुसऱ्यात, असे मग घडते. मधली नाली तुंबली की तक्रार कोणत्या नगरसेवकाकडे न्यायची, यावरच सकाळ जाते.

या प्रभागाचे खरे वैशिष्ट्य मतदारयादीत दिसते. खाली दुकान आणि वर घर ही जुनी रीत मोडत चालली आहे. मोंढा, म्हणजे धान्याचा ठोक बाजार, गावाबाहेर गेला, आडत्यांनी नव्या वसाहतींत घरे बांधली, मुले पुणे-हैदराबादला लागली. दिवसभर गजबजलेल्या या पेठेत मत देणारे मात्र मुख्यतः मागच्या गल्ल्यांतले रहिवासी. ज्यांचे पोट पेठेवर आहे ते दुकानदार, मुनीम, हमाल आणि आठवडी बाजाराला खेड्यांतून येणारे शेतकरी यांतले बहुतेक दुसरीकडचे मतदार असतात. उमेदवारीचा नियम वेगळा आहे: नगरपरिषद हद्दीतल्या कोणत्याही प्रभागाचा मतदार इथून उभा राहू शकतो, त्याचे नाव सुचवणारा सूचक तेवढा याच प्रभागातला लागतो. म्हणजे बाहेर राहायला गेलेला व्यापारी पेठेतून निवडून येऊ शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही. रहिवाशांना पाणी आणि शांतता हवी असते, दुकानदारांना पार्किंग आणि माल उतरवायला जागा; दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण मतपेटीत पहिलीच पोचते.

नगरपरिषदांचे कामकाज 1965 च्या राज्य अधिनियमाने चालते. निवडणुका घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनंतर राज्य निवडणूक आयोग घेतो. महिलांना 2011 पासून निम्म्या जागा राखीव आहेत. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका रखडल्या, मुदत संपलेल्या नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. त्या काळात पेठेतल्या माणसाला दाद मागायला मुख्याधिकाऱ्याचे दालन उरले. बहुतेक ठिकाणी 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झाले. नगराध्यक्ष थेट जनतेतून आणि प्रभागात साधारण दोन जागा असल्याने मतदाराने तीन मते द्यायची होती.

हातगाडीवाले आणि रस्त्यावर पाल टाकणारे यांच्याकडून तहबाजारी, म्हणजे जागा वापरण्याची फी, घेतली जाते, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकणे हे नगरपरिषदेचे कर्तव्यच ठरते. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने त्यासाठी वेगळी वाट दिली आहे: या कायद्याखालच्या शहर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान 40 टक्के असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि त्यांची निवड विक्रेत्यांनीच मतदानाने करावी.