गाणं फोडायचं कसं? घरगुती मिक्सची पार्श्वभूमी

रिमिक्स हा शब्द आपल्याकडं आला, पण त्याचा मूळ अर्थ काय आला नाही. स्टुडिओत गायकाचा आवाज एका ट्रॅकवर, ढोलक दुसऱ्या, व्हायोलिन तिसऱ्या असं वेगवेगळं रेकॉर्ड होतं, ते सुटे ट्रॅक हातात घेऊन परत बांधायचे म्हंजे रि-मिक्स. जमैकात साठच्या दशकाच्या शेवटी आवाज काढून नुसत्या ड्रम-बेसवर गाणी वाजवायला लागले, सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोवाल्यांनी नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवली, पण त्यांच्याकडं मूळ टेप होती. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या नाहीतर राजारामपुरीतल्या घरात बसून मिक्स करणाऱ्या पोराकडं काय होतं, तर कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्डातली एमपीथ्री. म्हंजे पुढ्यात आलेल्या मिसळीतनं मटकी वेगळी काढायची, यालाच आम्ही गाणं फोडणं म्हणतो. घरगुती मिक्सचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो असं मला वाटतं.

आमच्या पिढीनं सुरुवात केली ती 2003 ते 2012 च्या मधल्या काळात. घरात एक असेंबल केलेला कॉम्प्युटर, एडिटिंगला कूल एडिट प्रो, जे पुढं विकलं जाऊन अडोबी ऑडिशन या नावाचं सॉफ्टवेअर झालं, आणि बीट बसवायला फ्रूटी लूप्स. फ्रूटी लूप्स 1997 ला निघालं तेव्हा चार चॅनलचं साधं ड्रम मशीन होतं, 2003 ला त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं, पण आमच्याकडं आजही कितीतरी जण फ्रूटीच म्हणतात. चौकोनांची एक ओळ, सोळा घरं, ज्या घरावर क्लिक कराल तिथं ठोका पडणार. संगीत न शिकलेल्या पोराला लय डोळ्यानं दिसायला लागली ती इथं. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं कुणाकडंच नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. काहींकडं डेमो असायचा, त्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडायचा नाही, मग एका बैठकीत ट्रॅक संपवायचा नाहीतर सोडून द्यायचा.

आता फोडणं. सीडीवरच्या गाण्यात डावा आणि उजवा असे दोन चॅनल असतात, गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्हीत सारखा, म्हंजे बरोबर मध्ये. एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळला की जे दोन्हीकडं सारखं आहे ते एकमेकाला खाऊन टाकतं आणि आवाज गायब, मागं राहतं ते बाजूबाजूचं संगीत आणि गायकाच्या आवाजाचा घुमारा, जणू शेजारच्या खोलीत कोण गातंय. पण बेस आणि ढोलाचा खालचा ठोकाही मध्येच बसवलेला असायचा, तोही आवाजाबरोबर जायचा. त्या काळातल्या मिक्समध्ये किक, म्हंजे मोठ्या ड्रमचा खालचा ठोका, एवढी मोठी का, असं लोक विचारतात, नुसता दणका पाहिजे म्हणून केलं म्हणतात. अर्धं खरं आहे, पण गाण्याचा खालचा भागच निघून गेलेला असायचा आणि तो कशानं तरी भरायलाच लागायचा. शिवाय एमपीथ्रीवर हा प्रकार केला की पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळ आवाज यायचा, कारण फाइल लहान करताना कानाला झाकून जाणारा जो तपशील टाकून दिलेला असतो त्याची खोट इथं उघडी पडते. म्हणून ओरिजिनल सीडी असलेल्या माणसाला फार भाव होता.

याच तंत्रानं एकदा मोठा धडा दिला. 2008 चा गणपती, आमचा ट्रॅक पहिल्यांदा मिरवणुकीत लागणार होता. सुरुवातीला जुन्या गाण्यातली सनई-व्हायोलिन, मग किक. मिरजकर तिकटीला साउंड सिस्टीमची गाडी आली, ट्रॅक लावला तर सनई नाहीच, नुसती किक धडधडतीय. ऑपरेटरनं पिना हलवल्या, वायर बदलली, काय उपयोग नाही. घरी हेडफोनवर तोच ट्रॅक एकदम भारी वाजायचा. दोन दिवसांनी कळलं, आवाज काढल्यावर गाणं परत पसरट वाटावं म्हणून आम्ही उजवा चॅनल डाव्याच्या उलटा ठेवला होता, आणि गाडीवरची सिस्टीम मोनो होती, दोन्ही चॅनल तिथं एकत्र आले आणि सनईनं स्वतःलाच खाल्लं. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक मोनोवर ऐकल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही हे ठरलं, आणि नवीन पोरांना मी पहिलं हेच सांगतो.

कायद्याचा विषय इथं टाळता येत नाही, कारण सगळा गोंधळ एका शब्दाचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात रिमिक्स हा शब्दच नाही. बाजारात ज्याला रिमिक्स अल्बम म्हणायचे, जुनं गाणं नव्या गायिकेकडून गाऊन घ्यायचं आणि खाली बीट टाकायचा, ते कायद्याच्या भाषेत व्हर्जन रेकॉर्डिंग. जुन्या कलमाप्रमाणं गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपल्यावर दोन वर्षं थांबायचं, नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची, की नवीन रेकॉर्डिंग करता यायचं, परवानगी मिळालीच पाहिजे असं नव्हतं. गाण्यात फेरफार करायचा नाही अशी अट तेव्हाही होती, पण बीट टाकणं हा फेरफार की नुसती सजावट, यावरच सगळं भांडण. गीतकार-संगीतकारांचं म्हणणं होतं आमच्या गाण्याची वाट लावली, कंपन्या म्हणायच्या कायद्यातच बसतंय. 2012 ला दुरुस्ती झाली, ते कलम जाऊन 31 सी आलं, दोनाची पाच वर्षं झाली, दर वर्षी प्रत्येक गाण्यामागं किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आली, आणि पूर्वी मालकाच्या संमतीनं न झालेला किंवा तांत्रिक गरज नसलेला कुठलाही बदल चालणार नाही हे पक्कं झालं.

संगीतकार आणि कवींच्या बाजूनं ही दुरुस्ती योग्यच होती, त्यांना वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं. पण ती करताना घरात बसून करणाऱ्याचा विचार कुणीच केला नाही, आणि मला हे खरंच खटकतं. व्हर्जनवाला निदान नवीन गाऊन घेतो. आपला पोरगा मूळ रेकॉर्डिंगच कापतो, म्हंजे त्याला शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, असे तीन हक्क तीन दारातनं मागायला पाहिजेत. 50,000 प्रतींची रॉयल्टी गल्लीतला मुलगा कुठनं भरणार? मोठ्या कंपनीला दार अरुंद झालं, याला दारच नाही. मग मिक्स विकायचं नाही, नाव लपवायचं, मधे मधे स्वतःच्या नावाचा टॅग, म्हंजे नाव बोललेला तुकडा, घालायचा म्हंजे दुसरा चोरणार नाही, आणि चांगला ट्रॅक अनरिलीज म्हणून फक्त आपल्या गाडीवर वाजवायचा, हे सगळे रिवाज त्यातनंच पक्के झाले.

2019 ला एका फ्रेंच म्युझिक कंपनीनं गाणं फोडणारं स्प्लीटर सगळ्यांसाठी खुलं केलं, आवाज, ड्रम, बेस, पियानो आणि बाकीचं असे पाच भाग सुटे. मग तसंच काम करणारं डेमक्स आलं, ते यूव्हीआर या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून वापरता यायला लागलं, 2023 पासून एफएल स्टुडिओतच ते बटण आलं. जे आम्ही रात्र रात्र जागून अर्धवट करायचो ते आता चहा होईपर्यंत होतं. आमच्या मेहनतीचं काय झालं असं मला वाटत नाही, उलट बरं वाटतं.

फोडणं सोपं झाल्यावर अडचण सरकली ती लयीकडं. जुनी गाणी माणसांनी क्लिकशिवाय, म्हंजे कानात यंत्राचा ठोका न घेता वाजवलेली, कडवं जरा पुढं पळतं, एकच बीपीएम (मिनिटाला किती ठोके) टाकला की दुसऱ्या कडव्यात ठोका सुटतो, मग ओळ ओळ कापून सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हंजे ठोक्यांच्या घरांवर, बसवायला लागते. हलगीचं तर त्याहून अवघड. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, कातडं ताणतं, आवाज चढतो, आणि गार होईल तसा उतरतो. म्हंजे सुरुवातीला मोबाइलवर घेतलेला तुकडा आणि अर्ध्या तासानं घेतलेला तुकडा एका सुरात नसतात. शिवाय हलगी, तिच्या जोडीचा ढोल घुमकं आणि झांजेसारखं कैताळ तिघं मिळून लय हळूहळू वाढवत नेतात, खरा नाद त्या वाढण्यातच आहे. चार ठोक्यांचा लूप करून तीन मिनिटं फिरवला की ती वाढ मरते. आता काही पोरं तिघांना तीन माइक लावून अख्खा डाव सलग रेकॉर्ड करतात आणि सॉफ्टवेअरचा टेम्पो त्या हलगीप्रमाणं चढवत नेतात, गाणं तिच्या मागनं येतं. वाजवणाऱ्यांना त्याचे पैसेही देतात, सगळे नाही, पण देणारे वाढलेत.

आणि अजून एक, 60 वर्षं झालेल्या रेकॉर्डिंगवरचा हक्क संपतो म्हणून काही जण आता तेवढी जुनी गाणी शोधतात. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळं रेकॉर्ड मोकळी झाली तरी ओळी मोकळ्या होतातच असं नाही. फोडलेल्या गाण्यातनं आवाज टाकून देऊन नुसती सनई घेतली तरी तिची चाल कुणाची तरी आहेच.