स्नॅपशॉट निघतो क्षणात. डेटाबेस परत येतो तो लॉगमुळे

दहा टेराबाइटचा डेटाबेस सेकंदाला एक गिगाबाइट या वेगाने दुसरीकडे उतरवायचा म्हटला, तर सुमारे पावणेतीन तास लागतात, आणि बिघाडानंतर तो परत आणायलाही जवळपास तेवढेच. त्याच डेटाबेसचा स्नॅपशॉट स्टोरेज ॲरे (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारे उपकरण) काही सेकंदांत घेतो, कारण त्यात डेटाची नक्कल होतच नाही. व्हॉल्यूममधला, म्हणजे सर्व्हरला एका डिस्कसारख्या दिसणाऱ्या भागातला, कोणता ब्लॉक (डेटाचा छोटा तुकडा) प्रत्यक्षात कुठे ठेवला आहे याचा एक नकाशा ॲरेकडे असतो आणि स्नॅपशॉट घेणे म्हणजे तो नकाशा त्या क्षणी गोठवणे. पुढे एखादा ब्लॉक बदलायची वेळ आली की काही ॲरे जुना मजकूर आधी राखीव जागेत हलवतात आणि मग नवा त्याच ठिकाणी लिहितात. काही ॲरे जुन्याला हातच लावत नाहीत, नवा मजकूर नव्या जागी लिहून चालू नकाशा तिकडे वळवतात. नेटॲप या स्टोरेज कंपनीच्या ज्या वॉफल फाइल सिस्टिमचे वर्णन १९९४ च्या एका शोधनिबंधात आले, ती या दुसऱ्या वाटेने जाते. जागा लागते ती फक्त बदललेल्या ब्लॉकपुरती. पण रात्री कोणी मोठे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) नव्याने बांधले, तर सकाळी स्नॅपशॉट अनपेक्षितपणे फुगलेले दिसतात.

अडचण अशी, की ॲरेला ब्लॉक दिसतात, व्यवहार दिसत नाहीत. एका खात्यातून पैसे वजा होऊन दुसऱ्यात जमा होताना त्यातला एक बदल डिस्कवर पोहोचलेला आणि दुसरा अजून सर्व्हरच्या मेमरीतच असू शकतो. डेटाबेस यातून सावरतो तो लॉगच्या, म्हणजे प्रत्येक बदलाच्या क्रमवार नोंदवहीच्या, एका शिस्तीमुळे: डेटा फाइलमधला कोणताही बदल डिस्कवर जाण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये गेलीच पाहिजे. आयबीएममध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एरीज या नावाने मांडलेली रिकव्हरीची पद्धत याच शिस्तीवर उभी आहे. त्यामुळे डेटाबेसला न कळवता घेतलेला स्नॅपशॉटही, वीज अचानक गेल्यावर डिस्कवर जे उरते तसाच, सहसा उपयोगी पडतो. डेटाबेस सुरू होताना लॉग वाचून राहिलेले बदल पुन्हा करतो आणि अपुरे व्यवहार मागे घेतो.

मात्र त्यासाठी सगळे व्हॉल्यूम एकाच क्षणी टिपले गेले पाहिजेत. समजा, लॉगच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट आधी निघाला आणि डेटाचा दोन सेकंदांनी. मधल्या काळात डेटा फाइलमध्ये उतरलेल्या बदलांची नोंद टिपलेल्या लॉगमध्ये नसते, म्हणजे नेमकी ती शिस्तच मोडते आणि अशा जोडीवर डेटाबेस धडपणे उभा राहत नाही. म्हणून संबंधित व्हॉल्यूम एका कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये बांधतात. ॲरे क्षणभर सर्वांचे लेखन थोपवून एकदम स्नॅपशॉट घेतो. ओरॅकलमध्ये दुसरा मार्ग आहे: डेटाबेस बॅकअप मोडमध्ये (चालू असतानाच फाइलींची प्रत घेता येईल अशा स्थितीत) न्यायचा, डेटाचा स्नॅपशॉट घ्यायचा, मोड संपवायचा, चालू लॉग आर्काइव्ह करायचा (त्याची प्रत जपून ठेवायची) आणि लॉगचा स्नॅपशॉट सर्वांत शेवटी घ्यायचा. येथे क्रम उलटून चालत नाही. विंडोजवरील एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हीएसएस ही विंडोजची स्नॅपशॉट जुळवून आणणारी सेवा डेटाबेसला लेखन थांबवायला सांगते आणि स्नॅपशॉट होताच मोकळे करते.

खरी कसोटी रिस्टोअरच्या वेळी लागते. दुपारी २ वाजता स्नॅपशॉट झाला आणि २ वाजून २० मिनिटांनी कोणीतरी अट न घालता डिलीट चालवून एक टेबल रिकामे केले, असे धरू. डेटाचे व्हॉल्यूम दोनच्या स्थितीला न्यायचे आणि त्यावर लॉग चालवत चुकीच्या आधल्या सेकंदापाशी थांबायचे, हे योग्य उत्तर. घाईत लॉगचे व्हॉल्यूमही दोनला नेले, तर मधल्या वीस मिनिटांचा एकमेव पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो. डेटा आणि लॉग वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवण्याचा आग्रह, माझ्या मते, वेगापेक्षा या एका चुकीसाठी अधिक धरावा. शक्य असेल तर मूळ व्हॉल्यूमला न शिवता स्नॅपशॉटचा क्लोन (त्यावरून बनवलेली, लिहिता येणारी प्रत) दुसऱ्या सर्व्हरवर जोडून आधी तिथे डेटाबेस उघडून पाहावा.

स्नॅपशॉट राहतो मूळ डेटाच्याच ॲरेवर, आणि न बदललेले ब्लॉक दोघांचे सामाईक असतात. ॲरेच निकामी झाला तर दोन्ही जातात. त्यामुळे स्नॅपशॉटवरून दुसऱ्या ॲरेवर किंवा टेपवर खरी प्रत काढावीच लागते; चालू डेटाबेसवर जवळपास ताण न आणता ती सावकाश काढता येते, हा स्नॅपशॉटचा कमी बोलला जाणारा फायदा.

३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब डॉट कॉमच्या चालू डेटाबेसची फाइल डिरेक्टरी एका अभियंत्याकडून चुकून पुसली गेली. नेहमीचे बॅकअप, ते काढणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नसल्याने, निघतच नव्हते, हे तेव्हा उघड झाले. हाती लागला तो सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, तोही ॲरेवरचा नव्हे तर सर्व्हरच्या एलव्हीएममधला (लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थापनातला) आणि चाचणीच्या कामासाठी काढलेला. त्यातला डेटा चाचणीच्या सर्व्हरवरील संथ डिस्कवरून मुख्य सर्व्हरवर उतरवायला सुमारे अठरा तास लागले.