गव्हनचे कोरीव दगड

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, क्लाइड नदीच्या दक्षिण काठी गव्हन ओल्ड नावाचे चर्च आहे. त्याच्या आवारात सापडलेल्या मध्ययुगीन शिल्पदगडांच्या समूहाला गव्हनचे कोरीव दगड म्हणतात. दगड इ. स. नवव्या ते अकराव्या शतकातले. नोंद एकूण ४६ दगडांची झाली आणि त्यांतले ३१ आज चर्चच्या आत मांडलेले आहेत. बाकीचे आवाराच्या भिंतीलगत उघड्यावर राहिले आणि विसाव्या शतकात नाहीसे झाले. त्यांपैकी ३ दगड २०१९ मध्ये पुन्हा हाती लागले.

जहाजबांधणीसाठी गाजलेल्या गव्हन या कामगारवस्तीत राजघराण्याच्या थडग्यांचे दगड कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर नदीच्या मुखाकडे, डम्बार्टनच्या खडकावर मिळते. वेल्शला जवळची भाषा बोलणाऱ्या ब्रिटन लोकांच्या राज्याचा गड तिथे होता. इ. स. ८७० मध्ये डब्लिनहून आलेल्या व्हायकिंगांनी, म्हणजे मूळच्या स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लढवय्यांनी, चार महिने वेढा घालून तो पाडला. त्यानंतर सत्तेचे केंद्र नदीच्या वरच्या अंगाला सरकले आणि गव्हनचा उदय झाला. हेच स्ट्रॅथक्लाइडचे राज्य. चर्चजवळ डूमस्टर हिल नावाचा मानवनिर्मित उंचवटा होता. लोक तिथे न्यायनिवाड्यासाठी जमत असावेत, असे अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात तो सपाट करण्यात आला. आवार मात्र राज्यापेक्षाही जुने आहे. १९९० च्या दशकातील उत्खननात मिळालेल्या दफनांचा काळ कार्बन चाचणीने पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत मागे गेला. सध्याची इमारत त्या मानाने अगदी अलीकडची. रोवंड अँडरसन या वास्तुविशारदाने ती १८८० च्या दशकात बांधली.

समूहातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एकाच वालुकाश्मातून कोरून काढलेली शवपेटी. नॉर्मनपूर्व, म्हणजे इ. स. १०६६ च्या आधीच्या काळातील अशी अखंड दगडी पेटी उत्तर ब्रिटनमध्ये दुसरी नाही. १८५५ मध्ये आवारात कबर खणताना ती सापडली. झाकण मिळालेले नाही. तिच्या चारही बाजू भरगच्च कोरलेल्या आहेत. वेणीसारखी गुंतलेली नक्षी, एकमेकांत अडकलेले प्राणी आणि त्यांमध्ये हरणाची शिकार करणारा घोडेस्वार. चर्च ज्याच्या नावाचे आहे त्या संत कॉन्स्टंटाइनच्या अस्थी या पेटीत ठेवल्या असाव्यात, असे अनेकांचे मत आहे. पण पेटीवर नाव नाही. शिकार हा राजांचा खेळ, त्यामुळे पेटी राजघराण्यातील कुणासाठी घडवली गेली, एवढे मात्र शिल्पावरून सहज पटते.

पेटीइतकेच लक्ष वेधून घेतात ते पाच ‘हॉगबॅक’. डुकराच्या पाठीसारखा मध्ये फुगलेला आकार म्हणून हे नाव. दहाव्या शतकात उत्तर इंग्लंड आणि दक्षिण स्कॉटलंडमधील स्कँडिनेव्हियन वळणाच्या वस्त्यांत हे थडग्यावरचे दगड घडवले जात. खुद्द स्कँडिनेव्हियात ते आढळत नाहीत. नीट पाहिले की ध्यानात येते, ते घराचे छप्पर आहे. दोन उतार, मधला कणा आणि उतारांवर एकाखाली एक कोरलेल्या फळ्यांच्या ओळी. मृतासाठी कायमचे घर बांधावे, तसे. काहींवर एखादे श्वापद ते छप्पर कवटाळून बसले आहे. ब्रिटन राजांच्या दफनभूमीवर ही व्हायकिंग धाटणी दिसते, याचे महत्त्व मोठे आहे. ज्यांनी गड पाडला, त्यांच्याशी पुढच्या पिढ्यांचे नुसते वैर नव्हते. सोयरिकी, व्यापार, राजकारण सगळे असावे. लिखित साधने इतकी तुटपुंजी आहेत की या संबंधांचा भक्कम पुरावा म्हणून याच दगडांकडे पाहावे लागते.

संख्येने सर्वांत जास्त आहेत त्या थडग्यांवर आडव्या ठेवायच्या क्रूसांकित शिळा. त्यांतल्या कित्येकींवर सतराव्या-अठराव्या शतकातील नावांची आद्याक्षरे खोदलेली आहेत. गावातल्या प्रतिष्ठित घराण्यांनी जुन्या शिळा आपापल्या कबरींसाठी पुन्हा वापरल्या. मूळ नक्षीवर ओरखडा आला खरा, पण याला नुसती नासधूस म्हणणे अन्याय होईल. कुणाच्या तरी आजोबांची कबर म्हणून मान मिळाला, म्हणूनच या शिळा फोडून बांधकामात गेल्या नाहीत.

दगडांना धोका आला तो उद्योगांच्या काळात. शेजारी जहाजकारखाने उभे राहिले, हवा धुराने भरली आणि वालुकाश्म झिजू लागला. स्टर्लिंग मॅक्सवेल या सरदाराने दगडांचे प्लास्टरचे साचे करवून घेतले आणि त्यांची छायाचित्रे १८९९ मध्ये प्रसिद्ध केली. गव्हनच्या बाबतीत याहून दूरदृष्टीचे काम दुसरे झालेले नाही. १९२६ मध्ये निवडक दगड चर्चमध्ये हलवले गेले. मागे राहिले ते आवाराच्या भिंतीशी. भिंतीपलीकडे हारलँड अँड वुल्फ कंपनीचा कारखाना होता. १९७३ मध्ये त्याची शेड पाडण्यात आली, त्या गदारोळात भिंतीशी ठेवलेले दगड राडारोडा समजून नष्ट झाले, असे गृहीत धरले गेले. पुढची शेहेचाळीस वर्षे ते खरेच मानले जात होते.

२०१९ च्या वसंतात नॉर्थलाइट हेरिटेज या संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली स्थानिक रहिवाशांनी आवारात खोदकाम केले. त्यात सहभागी झालेल्या चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलाची सळई जमिनीत काहीतरी कठीण वस्तूवर आपटली. माती बाजूला केल्यावर कोरीव शिळा दिसली, मग आणखी दोन. मातीखाली जेमतेम काही सेंटिमीटरांवर त्या होत्या. हरवलेल्या दगडांपैकीच त्या आहेत, हे जुन्या नोंदींशी ताडून ठरवता आले.

शोध अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये इथेच आणखी एक दगड मिळाला. त्यावर वेणीची नक्षी नाही की क्रूसही नाही. बारीक रेषांनी कोरलेला एक योद्धा आहे, एका बाजूने पाहिलेला, हातात गोल ढाल आणि खांद्यावर भाला. गव्हनच्या समूहात या शैलीचे दुसरे चित्र नाही. त्याचे जवळचे नमुने पूर्व स्कॉटलंडमधील पिक्ट या प्राचीन लोकांच्या दगडांत शोधावे लागतात.