गिअरबॉक्स बदलल्यावर गाडी का घुमते?

माझ्या मामांकडे १९६८ सालची अ‍ॅम्बॅसेडर मार्क टू आहे. गेल्या वर्षी त्यांनी तिच्यात नंतरच्या अ‍ॅम्बॅसेडरमधील १.८ लिटरचे इसुझू इंजिन आणि त्याच्याबरोबर येणारा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेतला. काम वरकरणी नेटके झाले होते, गिअर लोण्यासारखे पडत होते. परंतु ताशी ७० किलोमीटरच्या आसपास गाडीतून खर्जातील एक घुमणारा आवाज येऊ लागे, पायाखालची पत्र्याची जमीन थरथरे आणि आतल्या आरशात मागच्या गाड्या पुसट दिसू लागत. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा झाले, दोन टायर बदलले गेले, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची गती मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा, काढून त्याचेही बॅलन्सिंग करून आणले, आणि कोणीतरी सुचवले म्हणून कंपने कमी करण्याचा दावा करणारे एक महागडे द्रव्य गिअरबॉक्सच्या तेलात ओतले गेले. आवाज होता तसाच राहिला. शेवटी, हा गिअरबॉक्स गाडीला लाभला नाही, असे घरात बोलले जाऊ लागले.

‘लाभणे’ हा शब्द आपल्याकडे घर, विहीर, बैल, गाडी अशा सगळ्यांसाठी वापरला जातो, आणि तो एकदा उच्चारला की शोध थांबतो, ही त्याच्याबद्दलची माझी खरी तक्रार आहे. यंत्राच्या थरथरीला नेहमी कारण असते आणि बहुतेक वेळा ते मोजता येते. तेलात ओतायच्या द्रव्याबद्दलही हेच म्हणावे लागेल: कोनातून निर्माण झालेला दोष कोन न बदलता एखादे द्रव्य दूर करू शकत नाही, मग त्याच्या बाटलीवर काहीही छापलेले असो.

पहिली पायरी मोजण्याची. या गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरला, तर ताशी ७० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरते. डिफरन्शियलचे, म्हणजे शाफ्टची गती चाकांना देणाऱ्या मागच्या अ‍ॅक्सलमधील दातेरी चाकांचे, गुणोत्तर साडेचारच्या आसपास धरले, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला सुमारे ४४ वेळा फिरतो. चाकात असमतोल असेल तर गाडी सेकंदाला १० वेळा हादरेल. हा हादरा स्टिअरिंगमध्ये किंवा सीटमध्ये जाणवतो, स्वरासारखा ऐकू येत नाही. शाफ्टमध्ये असमतोल असेल तर कंपने सेकंदाला ४४ असतील. मी मोबाइलमधील ध्वनीचा आलेख काढणारे अ‍ॅप लावून मामांच्या शेजारी बसलो, तेव्हा आलेखातील सर्वांत उंच शिखर सेकंदाला ८८ कंपनांच्या जवळ दिसले. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन कंपने, ही खूण असमतोलाची नाही. शाफ्टच्या टोकांना असलेले सांधे चुकीच्या कोनात वाकले असले, की ती उमटते.

येथे एक फसगत होऊ शकते. चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, आणि चार सिलिंडरच्या सरळ रांगेतील इंजिनाचे स्वतःचे एक कंपनही दर फेऱ्याला दोनदा होते. त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये दोन्ही कंपने एकाच जागी दिसतात आणि दोष कोणाचा हे कळत नाही. त्यासाठी रिकाम्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर त्याच वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकून पाहावी. घाटात किंवा उतारावर हा प्रयोग अजिबात करू नये. इंजिन मंद झाले तरी आवाज राहिला, तर इंजिन निर्दोष आहे. मामांच्या गाडीत आवाज राहिला. फक्त तो थोडासा बदलला, आणि या बदलाचा अर्थ पुढे येईलच.

आता या सांध्याकडे वळू, कारण सगळे रहस्य तेथेच आहे. गिअरबॉक्स गाडीच्या चौकटीला बांधलेला असतो, तर मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसून खड्ड्यांबरोबर वरखाली होत असतो. त्या दोघांना जोडणारा शाफ्ट वाकत्या सांध्यांशिवाय चालू शकत नाही. गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात तो युनिव्हर्सल जॉइंट म्हणजे दोन दुबेळकी, अर्थात दोन योक, आणि त्यांच्यामध्ये अधिकचिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. या तुकड्याची एक दांडी एका योकमध्ये आणि दुसरी दांडी दुसऱ्या योकमध्ये सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगवर फिरते. इटलीतील जेरोलामो कार्दानो याचे नाव या सांध्याला अनेक देशांत चिकटले आहे, परंतु तो गती कशी पोहोचवतो याचा सतराव्या शतकात बारकाईने विचार केला तो इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने. हा तोच हूक, ज्याचा स्प्रिंगचा नियम आपण शाळेत शिकतो.

गोटीपान्यांच्या संचात असा एक छोटा सांधा मिळतो. तो हातात घ्या, ३० अंशांत वाकवा आणि एक टोक सावकाश फिरवा. सांध्याच्या ठराविक स्थितीपासून सुरुवात केली, तर एक टोक ४५ अंश फिरते तेव्हा दुसरे जेमतेम ४१ अंश फिरते. पुढच्या ४५ अंशांत मात्र ते ४९ अंश फिरून पाव फेऱ्याचा हिशोब पुरा करते. म्हणजे एक टोक कितीही एकसारख्या गतीने फिरवले, तरी दुसरे टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. फेरे दोघांचे सारखेच होतात, पण चाल सारखी राहत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी एक थाळी घ्यावी आणि तिच्या काठावर घड्याळासारख्या सारख्या अंतरावर बारा खुणा कराव्यात. थाळी समोर धरली की खुणा सारख्या अंतरावर दिसतात. ती थोडी कलती केली की वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि त्याच खुणा दोन टोकांना दाटलेल्या, तर मध्ये विरळ दिसतात. वाकलेल्या सांध्यातला एक शाफ्ट दुसऱ्याचे फिरणे असे कलत्या थाळीवरून वाचत असतो. गणिताच्या भाषेत, बाहेर पडणाऱ्या कोनाचा टॅन म्हणजे आत येणाऱ्या कोनाचा टॅन गुणिले वाकाचा कोसाइन. सपाट पाटावरील छायाघड्याळाच्या तासांच्या रेषा सारख्या अंतरावर नसतात, त्यांचेही सूत्र नेमके याच घडणीचे आहे. फक्त तेथे कोसाइनच्या जागी त्या गावाच्या अक्षांशाचा साइन येतो. हूकने १६७६ साली या सांध्याचे वर्णन केले तेव्हा छायाघड्याळाच्या रेषा आखणे हा त्याचा एक उपयोग सांगितला होता. सूर्याची सावली आणि अ‍ॅम्बॅसेडरचा शाफ्ट एकाच सूत्राने बांधलेले आहेत, हे मला प्रथम उमगले तेव्हा झालेला आनंद आजही ओसरलेला नाही.

गाडीतले कोन अर्थात ३० अंशांचे नसतात. सांधा ४ अंशांत वाकला असेल, तर गतीतील चढउतार सरासरीच्या वर आणि खाली फक्त पाव टक्का असतो. पाव टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु तो सेकंदाला ८८ वेळा होतो, आणि दर वेळी शाफ्टला, पिनियनला (शाफ्ट ज्याला जोडलेला असतो त्या डिफरन्शियलमधील छोट्या दातेरी चाकाला) आणि त्यामागील दात्यांना झटका देऊन जातो. या झटक्याचा जोर कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शाफ्टच्या गतीच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोन निम्मा केला की जोर एक चतुर्थांश होतो, आणि वेग दुप्पट केला की चौपट होतो. गाडी ३० च्या वेगाला गुपचूप असते आणि ७० ला बोलू लागते, ती त्यामुळेच.

मग सगळ्याच गाड्या घुमत का नाहीत? कारण शाफ्टला दोन सांधे असतात, आणि पहिल्याने बिघडवलेली चाल दुसरा सुधारू शकतो. पहिला सांधा शाफ्टला ज्या क्षणी पुढे ढकलतो, त्याच क्षणी दुसऱ्याने पिनियनला तेवढेच मागे ओढायला हवे. त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच प्रतलात असले पाहिजेत, म्हणजे शाफ्ट जमिनीवर ठेवून एका टोकाने पाहिले असता दोन्ही दुबेळकी एका रेषेत दिसली पाहिजेत. शाफ्ट कापून लहान करताना लेथवर ही रेषा चुकून ९० अंशांनी फिरली, तर दुसरा सांधा दोष घालवण्याऐवजी दुप्पट करतो, आणि कितीही बॅलन्सिंग केले तरी तो जात नाही. दुसरी अट अशी की, दोन्ही सांध्यांचे वाक सारखे असले पाहिजेत. सारखे नसतील तर जे शिल्लक राहते तेही वर्गांनीच मोजायचे: मोठ्या कोनाच्या वर्गातून लहान कोनाचा वर्ग वजा करावा आणि उरलेल्याचे वर्गमूळ काढावे, गाडी जणू तेवढ्या कोनाच्या एकाच सांध्यावर चालली आहे, असे समजावे. कोन वरून पाहतानाही असू शकतो, म्हणजे गिअरबॉक्स आणि पिनियन आडव्या दिशेने एका रेषेत नसू शकतात. अशा वेळी उभा आणि आडवा कोन पायथागोरसच्या पद्धतीने एकत्र करावा लागतो. आमच्या सुदैवाने आडवा कोन नगण्य निघाला.

गिअरबॉक्स बदलला की नेमकी दुसरी अट मोडते. नव्या खोक्याची लांबी वेगळी, मागच्या आधाराची जागा वेगळी, आणि वरचे झाकण बोगद्याच्या, म्हणजे गिअरबॉक्सवरून जाणाऱ्या गाडीच्या जमिनीतील उंचवट्याच्या, पत्र्याला लागू लागते. मामांच्या गाडीत तसेच झाले होते. पत्रा कापायला लागू नये म्हणून मिस्त्रींनी नवा आडवा आधार बराच खाली बसवला होता. त्यात काम टाळण्याचा हेतू नव्हता. शाफ्ट जोडला गेला, फिरला, कोठे घासला नाही, तेव्हा काम झाले असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले.

आम्ही गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी केली. जॅकवर टांगलेल्या गाडीत अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि सगळे कोन खोटे येतात, त्यामुळे हे आवश्यक आहे. लोहचुंबक असलेला डिजिटल कोनमापक गिअरबॉक्सच्या मागच्या यंत्रित पृष्ठभागावर, मग पुसून स्वच्छ केलेल्या शाफ्टच्या नळीवर आणि शेवटी पिनियनच्या फ्लँजवर ठेवला. मागच्या दिशेने उतार असा आला: गिअरबॉक्स ६.५ अंश, शाफ्ट २.५ अंश, पिनियन ३ अंश. म्हणजे पुढचा सांधा ४ अंशांत वाकलेला आणि मागचा फक्त अर्ध्या अंशात. वर्गांची वजाबाकी केली तर शिल्लक कोन ३.९७ अंश येतो. मागचा सांधा असून नसल्यासारखा होता.

यावर सोपा दिसणारा उपाय म्हणजे अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये साडेतीन अंशांची पाचर घालून पिनियनचे तोंड वर करायचे, म्हणजे दोन्हीकडे ४ अंश होतील. कागदावर दोष शून्य होतो. परंतु मधला शाफ्ट तरीही ४ अंशांच्या हिशोबाने धावत आणि रेंगाळत राहतो, आणि त्याचे वजन काही कमी नसते. शिवाय अ‍ॅक्सल स्थिर नसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाके पुढे फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून अ‍ॅक्सलचे घर उलट पीळ खाते, पाटे किंचित वळतात आणि पिनियनचे तोंड वर जाते. न्यूट्रलमध्ये आवाज बदलला तो यामुळे: पीळ गेला आणि मागचा कोन बदलला. म्हणून पाट्यांच्या गाडीत उभ्या स्थितीत पिनियनचे तोंड समांतरापेक्षा थोडे खाली ठेवतात, म्हणजे चालत्या गाडीत ते समांतराला येते. कोन अगदी शून्यही ठेवू नयेत, कारण मग क्रॉसमधील सुया जागच्या हलत नाहीत, एकाच ठिकाणी दाब खात राहतात आणि दांडीवर चरे पाडतात. एक ते तीन अंशांचा वाक ही त्यांच्या प्रकृतीला मानवणारी मर्यादा आहे.

त्यामुळे पाचर न घालता गिअरबॉक्सचे मागचे टोकच ४५ मिलिमीटर वर घेतले. बोगद्याचा पत्रा कापून उंच करावा लागला, आणि मामांना त्याचे वाईट वाटले, हे खरे आहे. टोक वर गेल्यावर गिअरबॉक्सचा उतार ३.६ अंश झाला आणि शाफ्टचा ४.५; पुढचा वाक ०.९ अंश, मागचा १.५. शिल्लक कोन १.२ अंश राहिला, म्हणजे वर्गाच्या हिशोबाने झटका पूर्वीच्या अकराव्या हिश्श्यावर आला, आणि चालताना पिनियन थोडे वर येऊन तोही आणखी घटतो. इंजिनाची रबरी फौंडेशने त्याच वेळी नवी घातली, कारण ती दबली की आज मोजलेले कोन सहा महिन्यांत बदलतात.

पाचव्या गिअरविषयी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यात इंजिन शांत होते, म्हणून चालकाचा पाय आपोआप अधिक वेगाकडे जातो. पण शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे आहे, त्याची गती फक्त गाडीच्या वेगावर ठरते. पूर्वी चार गिअरमध्ये इंजिनाचा आक्रोश ऐकून ही गाडी ८० ला आवरली जायची. आता ती १०० ला सहज जाते आणि शाफ्ट सेकंदाला ६० च्या वर फेरे घेतो. जुन्या गाडीला नवा गिअरबॉक्स बसवणाऱ्याने शाफ्टचे कोन पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर ठेवायला हवेत, ते यासाठी.

काम झाल्यावर आम्ही त्याच रस्त्यावर, तेच अ‍ॅप लावून गेलो. ७० च्या वेगाला ८८ कंपनांच्या जागी आलेखात एक लहानसा उंचवटा उरला होता, कानाला न जाणवणारा. मामांनी काही न बोलता आतला आरसा नीट केला आणि मागून येणाऱ्या एस. टी.च्या पाटीवरचे गाव मोठ्याने वाचून दाखवले.